उजव्या हाताचा दिवा

१

सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना गुणाजी पॅनेलचं दार उघडायचा. आधी दाराला हात लावून तो हात कपाळाला, मग खिशातलं फडकं, मग तोंडानं एक लांब फुंकर. फुंकरीनं पॅनेलमधली धूळ जाते असं त्यालाही वाटत नव्हतं. पण बावीस वर्षं गिरणीत वायरमन म्हणून हेच केलं, आणि संपात गिरणी गेली म्हणून माणसाची फुंकर काय जाते? चौथी नापास. इंग्रजी अक्षरं ओळखीची तीनच, आर, वाय आणि बी, तीही तारांच्या रंगांमुळं. तरी मरोळच्या अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वायरिंगमध्ये आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो सांगायचा. दुसरं कुणी सांगत नव्हतं, म्हणून स्वतःच रोज सांगायचा.

त्या गाळ्यात सायकलच्या घंटीच्या वाट्या व्हायच्या. तीन पॉवर प्रेस होते. पत्र्याची चकती डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायची, हात मागे घ्यायचे आणि डाव्या-उजव्या बाजूंची तळहाताएवढी दोन काळी बटणं एकदम दाबायची, की वरून पन्नास टनांच्या जोराचा लोखंडी ठोकळा, रॅम, खाली आणि चकतीची वाटी तयार. दोन बटणं का, तर दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायखाली एकही नसतो. साधी गोष्ट. ज्याच्या डोक्यात ती पहिल्यांदा आली, त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं.

तिसऱ्या प्रेसवर वनमाला बसायची. पस्तिशीची, गुणाजीच्याच कणकवलीकडची. नवरा गिरणीतला, तोही संपात घरी बसलेला. दिवसाला तीन हजार वाट्या काढायची आणि तोंडाचा पट्टा चालू तो चालूच. गुणाजीला ती काका म्हणायची, आणि काका म्हणून वाटेल ते बोलायची. त्याला दुसऱ्या कुणाचं काही खपत नसे, हिचं खपायचं.

२

सोमवारी मालकानं तिसऱ्या प्रेसचं डोकं बदललं. मालक म्हणजे विद्याधर. शिकलेला इंजिनियर, वडिलांचा गाळा चालवायचा, आणि दोन वर्षं खपून त्यानं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बनवलं होतं. जुने रिले, म्हणजे विजेवर उघडमीट होणारे स्विच, बाजूला करायचे, बटणांच्या तारा कार्डाला द्यायच्या, आणि प्रेस कधी पाडायचा ते कार्ड ठरवणार. प्रत्येक तारेपुढं कार्डावर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा. डावं बटण दाबलं की डावा, उजवं दाबलं की उजवा. दोन्ही पेटले की रॅम खाली.

"झकास आहे साहेब," गुणाजी म्हणाला. मनात म्हणाला, वाट लागणार.

सव्वानऊला शेजारच्या गाळ्यात जॉनीनं वेल्डिंगची कांडी टेकवली आणि इकडं दोन्ही दिवे आपसूक चमकले. वनमालाचा उजवा हात चकती ठेवून नुकता बाहेर येत होता. रॅमचा वारा तिच्या मनगटाला लागला. बांगड्या वाजल्या. बस, एवढंच. ती उठली, लांब जाऊन पाण्याच्या पिंपाजवळ बसली, आणि म्हणाली, "काका, माका दोन पोरा आसत. तुमी ह्यो डबो नीट करा, नायतर आताच सांगा, मी भाजी विकूक बसतंय."

विद्याधरचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यानं तासाभरात जुने रिले परत जोडायला लावले. प्रेस चालणार रिलेवर, पूर्वीसारखा. कार्ड पॅनेलमध्ये नुसतं बाजूला राहणार. बटणांमधून एकेक जादा तार त्याच्याकडे येणार, त्यानं दिवे पेटवून दाखवायचे, प्रेसला हात लावायचा नाही.

"शनिवारी बारा वाजता कार्ड बघायला पुण्याची पार्टी येते आहे," विद्याधर म्हणाला. "तिच्यासमोर कार्ड जोडायचं आणि वनमालाताईंनी त्यावर बसायचं. काका, तोवर हे दिवे एकदासुद्धा खोटे पेटता कामा नयेत."

"आणि त्यानंतर पेटला तर?" गुणाजीनं विचारलं.

विद्याधरनं वनमालाच्या हातांकडे बघितलं.

३

आता हा जो खोटा दिवा पेटतो, त्याला विद्याधर नॉइज म्हणायचा. गुणाजी त्याला कचरा म्हणायचा, आणि कचराच बरोबर आहे. मोटर चालू झाली की आजूबाजूच्या तारांत कचरा पडतो. वेल्डिंग पेटलं की पडतो. वाऱ्यावर धूळ यावी तसा तो तारेत घुसतो, आणि कार्ड बिचारं पोरासारखं भोळं, त्याला वाटतं बटण दाबलं.

गुणाजीला पाच वर्षांत असं काम मिळालं नव्हतं. गिरणी सुटल्यापासून ट्यूबलाइटचे स्टार्टर बदलणं आणि फ्यूज बांधणं, हेच. मंगळवारी सकाळी त्यानं तिसऱ्या प्रेसची पाइपलाइन उघडली आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. बटणांच्या नाजूक तारा आणि मोटरच्या जाड तारा एकाच पाइपातून, गळ्यात गळे घालून नेलेल्या.

"हे कुठल्या गाढवानं केलं?"

"तुमीच केल्यात काका, गेल्या गणपतीच्या आधी," वनमाला प्रेसवरून म्हणाली.

"तेव्हा कार्ड नव्हतं. तू तुझ्या वाट्या बघ."

त्यानं तारा वेगळ्या केल्या. बटणांच्या तारांना एकमेकींभोवती पीळ दिला, इंचाला एक, हातानं, चाळीस फूट. मग जाळीचं कवच असलेली तार आणली. जाळी आधी दोन्ही टोकांना अर्थ केली, म्हणजे जमिनीला जोडली, मग एक टोक सोडवलं, कारण दोन्ही टोकं बांधली की कवचातूनच कचरा वाहतो. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर कचरा जिरवायला रेझिस्टन्स आणि कंडेन्सर बसवला. विद्याधरनं पडद्याचं यंत्र लावलं होतं. त्यात तारेतली वीज हिरव्या रेघेसारखी दिसायची. सोमवारी त्या रेघेवर माळरानावरच्या कुसळासारखे काटे होते. मंगळवारी संध्याकाळी निम्मे उरले. बुधवारी दुपारी मोजून चार.

दर काटा गेला की गुणाजी मांडीवर थाप मारायचा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, शिडीवरून पोरासारखा खाली उतरायचा.

"काका, पडशात," वनमाला म्हणायची.

"पडलो तर तुझ्या हातांसाठी पडलो, असं सांग लोकांना."

"लोकांका काय सांगू, माज्या घोवाक सांगतंय. तो चार माणसा घेऊन येतलो."

जॉनी दारात येऊन बघून जायचा. मरोळ गावठाणातला, मोठा आवाज, मोठं पोट. "काय काका, मी कांडी लावू की नको? साहेब बोलतो, मुद्दाम लाव."

"लाव रे जॉन्या. दम असेल तेवढी लाव. बघू तुझा कचरा आत येतो का."

जॉनीनं दिवसभर लावली. दिवे हलले नाहीत. गुणाजीनं त्या दिवशी स्वतःहून त्याला बिडी दिली. अशी गोष्ट त्या इस्टेटीत कुणी बघितलेली नव्हती.

४

गुरुवारी उरलेले चार काटे काढायचे होते. विद्याधरनं प्रत्येक तारेपुढं कार्डावर एक बारीक काळा तुकडा बसवला. तारेची वीज त्याच्या आत एक इवलासा उजेड पाडते, समोरच्या बाजूला तो उजेड बघून दुसरी वीज चालू होते. मध्ये तार नाही. नुसती फट आणि उजेड. तारेतला कचरा फट ओलांडू शकत नाही. शिवाय एक कंडेन्सर असा घातला की बटण क्षणभर तरी दाबून धरलं पाहिजे, तेव्हाच दिवा पेटेल.

"म्हणजे दिवा थोडा उशिरा पेटणार," विद्याधरनं समजावलं. "पापणी लवते त्याच्यापेक्षा कमी. पण उशिरा."

गुणाजी पॅनेलपाशी उभा राहिला. पाच पावलांवर वनमाला. बटणाचा आवाज मोठा, टक्. त्यानं दिव्यांवर डोळे रोखले.

दिवे. टक्. रॅम.

दिवे. टक्. रॅम.

त्यानं चष्मा पुसला. आधी टक् आणि मग दिवे, असं हवं. उजेडाला वेळ लागत नाही, आवाजाला लागतो, एवढं त्याला ठाऊक होतं. पण ते समुद्रावर, पाच पावलांवर नाही. आणि वर हा उशीर लावणारा कंडेन्सर. तो तासभर उभा राहिला. दिवे, टक्. प्रत्येक वेळी दिवे आधी.

"साहेब, हे लवकर पेटतं."

विद्याधरनं येऊन पडद्याच्या यंत्राकडे बघितलं. रेघ स्वच्छ. "काका, चष्म्याचा नंबर बदला."

गुणाजीला राग आला, पण तो चष्म्याचा होता की विद्याधरचा, ते त्याला ठरवता येईना. कुठंतरी कचरा उरलाय, एवढंच त्यानं मनाशी धरलं. जे चुकतं ते कचऱ्यानं चुकतं. सत्तावीस वर्षांत याच्याबाहेर काही घडलं नव्हतं.

५

जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद असताना त्यानं वनमालाला प्रेसवर बसवलं.

"मी दाब म्हणेन तेव्हाच दाबायचं. एरवी हात बटणांवर ठेवून गप बस."

"गप?"

"प्रयत्न कर."

गाळ्यात कुणी नव्हतं. छपराच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. "दाब," गुणाजी म्हणाला. दिवे, टक्. "दाब." दिवे, टक्. दिवे त्याच्या शब्दाच्याही थोडे आधी पेटत होते का? त्यानं ठरवलं, आता बोलायचंच नाही. दिवा पेटला तरी नाही. मग बघू हा कुणाचा दिवा.

तो ओठ मिटून उभा राहिला. कावळा थांबला. बराच वेळ गेला.

दोन्ही दिवे पेटले.

गुणाजीनं दात जिभेवर रोवले. श्वास धरला. एक. दोन. तीन.

टक्.

"का दाबलंस?"

"म्हणजे? आताच नाय का म्हणालात, दाब?"

"मी तोंड उघडलं नाही."

वनमाला हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. "असा काय करतास काका? तुमचोच आवाज होतो." तिनं हात बटणांवरून काढले. "जरा लांबसून इलो, एवढाच."

६

शुक्रवारी त्यानं अर्थिंगचा खड्डा खणला. त्याच्या मते सगळ्या रोगांवर तेच औषध. कार्डाला स्वतंत्र अर्थ, कुणाशी न वाटलेला. गाळ्यामागच्या अंगणात पुरुषभर खोल खड्डा, तळाशी तांब्याची प्लेट, वर मिठाचा थर, कोळशाचा थर, मिठाचा थर, मग चार बादल्या पाणी. दोन मजूर मिळत होते, त्यानं नाही म्हटलं. फावडं स्वतः चालवलं. कपाळावरून घाम डोळ्यांत येत होता आणि तो आतून उकळत होता, आनंदानं म्हणा, कशानं म्हणा. उरलेलं जे काही असेल ते आता जमिनीत जाईल.

दुपारी अडीचला तार जोडली. पडद्यावरची रेघ तेलाच्या पृष्ठभागासारखी झाली. विद्याधरनं त्याला मिठी मारली, मातीच्या कपड्यांसकट.

"काका, एकही काटा नाही. एकही. आता मी कुणालाही दाखवीन."

तीन वाजता वनमाला नळावर हात धूत होती. तिसरा प्रेस रिकामा होता. कार्डावर दिवे चालू झाले.

सात वेळा पेटले. थांबले. तीन वेळा. मोठी फट. एकदा.

गुणाजीनं कानावरची पेन्सिल काढून पॅनेलच्या दारावर आतून रेघा मारल्या. सात, तीन, एक. मनाशी म्हणाला, कचरा. पण कचऱ्याला अशी ढब नसते. कचरा येतो तो मूठभर खडे फेकावेत तसा येतो. हे चालणं होतं. दोन्ही दिवे एकदम, सारख्या वेळानं, न दमता, कामाची सवय असलेल्या माणसाचं.

तीन चाळीसला वनमालानं सात वाट्या काढल्या. शिंकली. तीन काढल्या. चौथी चकती डायला चिकटली, ती सळईनं सोडवत बसली. मग एक काढली.

योगायोग. बाई दिवसभरात असं दहा वेळा करत असेल, गुणाजीनं स्वतःला सांगितलं. दहा मिनिटांनी कार्डावरचे दिवे विझले ते परत पेटलेच नाहीत. वनमाला मात्र काम करतच होती, सुट्टीपर्यंत, साडेचारपर्यंत.

चौथी नापास असला तरी वजाबाकी त्याला येत होती.

७

शनिवारी तो सातलाच आला. शटर उघडलं, पॅनेल उघडलं, फडकं खिशातच राहिलं. सात अठ्ठावीसला दिवे चालू झाले. गाळ्यात तो एकटा, बाहेर ऊन, जॉनीच्या रेडिओवर कसलीशी जाहिरात. वनमाला आठला आली, पदर खोचला, मशीनला नमस्कार केला, आठ वाजून आठ मिनिटांनी पहिली वाटी काढली.

त्याच्याकडे आता दारावर चाळीस मिनिटांच्या रेघा होत्या.

भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती असंही नाही. पण खरं सांगायचं तर त्याचे कान गरम झाले होते आणि छातीत पहिल्यांदा दारू प्यायल्यासारखं होत होतं. त्यानं अख्ख्या तारेतून एकेक कण उपसून काढला होता, आणि खाली हे निघालं होतं. हे दुसऱ्या कुणाला दिसलेलं नव्हतं.

"वनमाला, आता नऊ काढशील आणि थांबशील."

ती नऊ काढून पाणी प्यायला उठली, आणि जागीच उभी राहिली. "तुमका कसा कळला?"

"आता बारा झाल्या की परत थांबशील."

"मुद्दाम नाय थांबूचंय."

बाराव्या वाटीला विद्याधरनं तिला मागून हाक मारून बोलावलं. ती वळली. गुणाजी मांडीवर थाप मारून हसला.

"काका," ती हळू म्हणाली, "ह्या माका बरा वाटत नाय हां."

"अगो, गंमत."

दहा पंचावन्नला दिवे थांबले. वनमाला काम करत होती. गुणाजीनं रेघ ओढली आणि वाट बघितली. म्हणजे साडेअकरानंतर ती थांबणार, पार्टी यायची म्हणून मशीन पुसायला लावतील. बरोबर आहे.

अकरा पाचला डावा दिवा पेटला. एकटाच.

उजवा पेटला नाही.

८

तो वाट बघत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. डावा विझत नव्हता. इतके दिवस कुठलाही दिवा टिचकीभरापेक्षा जास्त पेटलेला नव्हता. हा जळतच होता, आणि शेजारी उजव्याची जागा काळी. त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कार्डावर टकटक केलं. काही नाही. डावा हात कशाला तरी घट्ट धरून आहे. मग उजवा कुठं आहे?

पन्नास टनांचा रॅम त्याच्या डोळ्यांपुढं वर-खाली होत होता. खाली वनमालाचा उजवा हात चकती ठेवत होता, बाहेर येत होता, ठेवत होता.

त्यानं प्रेसजवळ जाऊन, ती काम करत असतानाच, कार्डाकडे जाणाऱ्या दोन्ही जादा तारा बटणांपासून सोडवल्या. टोकं हवेत. परत पॅनेलपाशी आला. डावा दिवा जळत होता. तार बटणाला जोडलेलीच नव्हती. मग चार दिवस आपण साफ केली ती तार टोकाला कशाला जाऊन लागली होती?

याचं उत्तर त्यानं शोधलं नाही. तो विद्याधरकडे गेला.

"साहेब, प्रेस बंद करा. पावणेबाराला हिचा हात जाणार."

विद्याधर नवा शर्ट घालून फायली लावत होता. "काय?"

"उजवा. दिव्यात दिसतंय."

"काका, कार्ड प्रेसला जोडलेलंसुद्धा नाही. रिलेवर चाललाय. अकरा वर्षं चालतोय रिलेवर."

"मला माहीत आहे काय जोडलंय. जोडणारा मीच."

"मग?" विद्याधरनं आवाज खाली आणला, तो जास्त लागला. "तुम्ही दमलाय. चार दिवस झोपला नाहीत. पार्टी अर्ध्या तासात येईल. आज जर तुम्ही हे असलं कुणापुढं बोललात ना काका, तर सोमवारी येऊ नका."

गुणाजी पॅनेलपाशी परत आला. उभा राहिला. घड्याळ बघितलं, दिवा बघितला, वनमालाकडे बघितलं. शहाणा माणूस कोण, ते त्याला चांगलं कळत होतं. शहाणा माणूस नवा शर्ट घालून फायली लावत होता. आणि समजा काहीच झालं नाही, तर आपण म्हातारचळ लागलेला वायरमन, एवढंच ठरेल. ठरू दे.

त्यानं मेन स्विच पाडला आणि तिन्ही फ्यूज उपटून खिशात घातले. तिन्ही प्रेसची चाकं गरगरत मंदावली. गाळा इतका शांत झाला की वाट्यांच्या ढिगातली एक वाटी घरंगळली ती सगळ्यांना ऐकू आली.

"ऊठ. बाहेर चल. काही विचारू नकोस."

वनमाला उठली. चाकही अजून थांबलं नव्हतं आणि ती त्याच्या मागे चालू लागली होती.

अकरा पस्तीस. खिशातल्या फ्यूजवर बोटं असतानाच गुणाजीला आठवलं, की दिवेही बरोबर चाळीस मिनिटं आधी, दहा पंचावन्नलाच थांबले होते.

९

अंगणात त्यानं तिला अर्थिंगच्या खड्ड्यापासून लांब, भिंतीच्या सावलीत बसवलं. आजूबाजूचा पत्रा उचलून फेकला. काचेची एक फुटकी बाटली होती, ती फेकली. जॉनीला जाऊन वेल्डिंग बंद करायला लावलं. विद्याधर बाहेर आला, आणि गुणाजीचे डोळे बघून भिंतीला टेकून उभा राहिला.

"हात मांडीवर ठेव. दोन्ही. मला दिसतील असे."

"काका, मी शाळेत इलंय काय?"

"ठेव गो बाय."

तिनं ठेवले. गुणाजी तिच्या हातांकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत होता. अकरा चाळीस. बेचाळीस. तोंड बंद ठेवणं वनमालाला जमणार थोडंच. "माजो घोव विचारीत, आज काय केलंस, तर काय सांगू? मांडयेर हात ठेवन बसलंय?"

पावणेबारा झाले.

काही झालं नाही. कुठं काही पडलं नाही, कोसळलं नाही. तिचे हात तिच्या मांडीवर होते, बांगड्यांसकट, दोन्ही. अकरा सेहेचाळीस. गुणाजी मिठाच्या रिकाम्या गोणीवर बसला. जॉनीनं आधी हसायला सुरुवात केली, मग वनमाला, मग विद्याधरसुद्धा, डोळे पुसत. "काका, यार, तुम्ही पण ना," जॉनी म्हणाला, "मी चहा आणतो. म्हाताऱ्याला चहा पाजा कुणीतरी." तो पोट हलवत कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेला.

गुणाजीला हसू येत होतं आणि रडूही. जिंकलो, त्याला वाटत होतं. वर्षभरात वाटलं नसेल इतकं जोरात वाटत होतं. त्यानं दिव्याला खोटं पाडलं होतं. खोटं पडलेलं बघावं म्हणून तो उठून आत गेला.

गाळ्यात अंधूक उजेड होता. मेन स्विच पडलेला. फ्यूज त्याच्या खिशात, मांडीला टोचत होते. कार्डाला कुठूनही वीज नव्हती.

पॅनेलच्या तळाशी डावा दिवा जळत होता. स्थिर, न लुकलुकता. शेजारी काळा ठिपका. गुणाजीनं हात पुढं केला, पण लावला नाही. त्या दिव्यापाशी ऊब नव्हती, आवाज नव्हता, कचरा तर कणभरही नव्हता.

बाहेरून हसण्याचा आवाज आला. तो वळला आणि दारात आला.

जॉनी वाफाळती किटली घेऊन उभा होता. वनमालानं काचेचा ग्लास डाव्या हातात घट्ट धरला होता, काठोकाठ भरलेला, आणि उजवा हात त्याच्याखाली आडवा पसरून ती विद्याधरला दाखवत होती.

"बघा साहेब, नीट बघून घ्या," ती म्हणत होती, "काकांनी वाचवलेलो हात. हेका आता देवघरात ठेवतंय."

ती हसत होती आणि हसण्यानं ग्लास कलला होता. उकळता चहा तिच्या उजव्या मनगटावर पडत होता, तळव्यावरून बोटांकडे ओघळत होता, आणि बोटांच्या टोकांवरून मातीत. हातावरून वाफ निघत होती. कातडी लाल होऊन वर येत होती, आणि हात होता तिथंच, तसाच पसरलेला होता. विद्याधरचं हसू थांबलं होतं. जॉनीनं किटली खाली ठेवली.

"काय झाला?" वनमालानं विचारलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "सगळे असे काय बघतास?"